अनुभव धागा : जवळचं एक पडद्याचं थेटर कसं तगलं (किंवा का नाही तगलं)

मंडळी, एक पडद्याच्या थेटरवर लिहायला बसलं की दोन मिनिटांत सगळे लहानपणात शिरतात, ब्लॅकवाले, पिटातल्या शिट्ट्या, घरघरणारे पंखे वगैरे. मलाही ते आवडतं पण त्याचे धागे ढिगाने आहेत. इथे दुसरं हवंय. तुमच्या ओळखीचं छोटं, कुठल्याही साखळीत नसलेलं थेटर अजून चालू असेल तर नेमकं कशाच्या जोरावर चालू आहे, आणि बंद पडलं असेल तर कशाने पडलं, ते लिहा. चालवणारे, तिथे नोकरी केलेले, बघायला जाणारे, आणि हो, न जाणारे पण.

मी कॉलेज करताना तिकीट खिडकीवर बसायचे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे. पण खिडकीतून एक दिसतं ते सांगते. फोन यायचा, "आज कुठला लागलाय?" नाव सांगितलं की पलीकडून फोन बंद. थेटरवर कितीही जीव असो, माणूस येतो पिक्चरसाठी. म्हणजे कुठला पिक्चर, कधी, किती शो, हे ठरवणाऱ्याच्या हातात सगळं, आणि तो माणूस बहुतेक वेळा थेटरचा मालक नसतो. असो. लिहा.

*केबिनवाला*

ताई, चांगला विषय काढलात. मी आयुष्यभर ऑपरेटर. रिळाच्या जमान्यात दोन मशीन असायची, एक रीळ २००० फुटांचं म्हणजे वीस-बावीस मिनिटं. रीळ संपायला आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका यायचा, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, मग सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आणि लगेच चेंजओव्हर, म्हणजे पिक्चर या मशीनवरून त्या मशीनवर. तुम्हाला कळायचं पण नाही, कळलं तर आमचं चुकलं असं समजायचं. फिल्म तुटली तर टेपने जोडून मी दोन मिनिटांत शो परत चालू करायचो, खाली शिट्ट्या थांबायच्या आत.

मग डिजिटल. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन काम सुरू केलं, २००५ ला त्यांचे तांत्रिक नियम आले, आणि २०१३ ला फुजी या फिल्म बनवणाऱ्या कंपनीने थेटरात जाणाऱ्या प्रिंटची फिल्म बनवणंच बंद केलं. प्रिंट काढायचा आणि पेट्या इकडून तिकडे पाठवायचा खर्च वाचला तो वितरकाचा, मशीनचा खर्च आला थेटरच्या डोक्यावर. कितीतरी छोटी थेटरं तेव्हाच गेली, आणि लोक म्हणतात टीव्हीने मारली.

आता पिक्चर येतो हार्ड डिस्कवर नाहीतर थेट उतरवून घ्यायचा, पण तो कुलूपबंद. त्याची डिजिटल चावी वेगळी येते, आणि ती एका ठरावीक सर्व्हरसाठी (म्हणजे केबिनमधला पिक्चर चालवणारा संगणक) आणि ठरावीक तारीख-वेळेसाठीच बनवलेली असते. एका शुक्रवारी आम्हाला आली ती आमच्या जुन्या सर्व्हरची, जो आम्ही कधीच बदललेला. डिस्क हातात, पब्लिक हॉलमध्ये, पडदा काळा. फोन लावला तर पलीकडचे साहेब म्हणाले मेल टाका, बघतो. पहिल्या शोचे पैसे परत केले. फिल्म तुटली असती तर मी जोडली असती हो, चावी कशाने जोडू?

*बाल्कनी बंद*

वडिलांनी थेटर चालवलं, आता मी आणि बहीण बघतो. धागाकर्त्या ताईंचं ते ठरवणाऱ्याच्या हातात असतं हे शंभर टक्के खरं, जरा खुलासा करतो.

मोठा पिक्चर पहिल्या दिवसापासून हवा असेल तर वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात निम्म्याच्या वर जातो, पुढच्या आठवड्यांत थोडाथोडा उतरतो. वर अट अशी की सगळे शो त्याच पिक्चरचे, आणि ते दोन-दोन तीन-तीन आठवडे. दहा पडदे असलेल्याला काय फरक पडतो, पिक्चर पडला तर तो छोट्या हॉलमध्ये ढकलतो आणि मोठ्यात दुसरा लावतो. आमच्याकडे ढकलायला दुसरा हॉल कुठाय? सोमवारपासून रिकाम्या खुर्च्यांना पिक्चर दाखवत बसायचं, एसी तेवढाच, वीज तेवढीच, माणसं तेवढीच. बरं मधल्या वारी दुपारी दुसरं काही दाखवू का विचारलं तर पुढचा मोठा पिक्चर मिळायची पंचाईत.

यावर वडिलांची युक्ती होती थांबण्याची. घाई करायची नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्यायचा, तेव्हा हिस्सा कमी, अटी ढिल्या, आणि गर्दीला कंटाळणारे लोक मुद्दाम आमच्याकडेच यायचे. ती युक्ती आता मेली. हॉलिवूडचे पिक्चर पूर्वी थेटरातून घरी यायला साधारण ९० दिवस लागायचे, २०२० नंतर बरेचसे ४५ दिवसांवर आले, काही तर त्याच्याही आत. आमच्याकडे लागेपर्यंत लोक म्हणतात, राहू दे, घरीच येईल आता.

मग तगलो कसे? एक, जागा स्वतःची, भाडं नाही. हे आधी सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यानंतर येतं, भाडं असतं तर मी हे लिहायला नसतो. आणि दोघा भावंडांपैकी एकालाही विकायची घाई झाली नाही हे पण नशीबच, चुलत्यांच्या वाट्यात अडकलेली कितीतरी थेटरं मला माहीत आहेत. दुसरं, बाल्कनी बंद केली आणि खालच्या खुर्च्या कमी केल्या. ओळखीचे लोक हळहळले. पण अर्धा रिकामा मोठा हॉल मेल्यासारखा वाटतो आणि तेवढीच माणसं छोट्या हॉलमध्ये असली की हसण्याचा आवाज येतो, आणि हसण्याचा आवाज आला की माणूस पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिसरं, सकाळची वेळ आम्ही कुणाला विकत नाही, कितीही मोठा पिक्चर असो. शाळा, फिल्म क्लब, नाटकाचं रेकॉर्डिंग, जुने पिक्चर, मॅच. त्यासाठी दोन मोठे पिक्चर हातचे गेले. जाऊ देत.

*शेवटची रांग*

सगळे हळहळतात पण तिकीट काढून शेवटचं कधी गेला होता ते कुणी लिहीत नाही. बंद झाल्याची बातमी आली की स्टेटसला फोटो. त्या फोटोचे पैसे घ्यायला पाहिजेत थेटरवाल्यांनी.

*मी नाही जात*

धागाकर्तीने न जाणाऱ्यांना पण बोलावलंय म्हणून लिहिते, राग मानू नका. आमच्या इथलं थेटर बंद झालं तेव्हा मला काहीही वाटलं नाही. बायकांच्या बाथरूमला कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं, इंटर्व्हल त्यातच संपायचा. रात्रीच्या शोला मागच्या रांगेत बसायची सोय नव्हती, कोण कुठून हात लावेल सांगता यायचं नाही, आणि डोअरकीपरला सांगितलं तर तो टॉर्च आमच्याच तोंडावर मारायचा. भाऊ आणि त्याचे मित्र अजून त्या थेटरच्या आठवणी काढून गहिवरतात. मी म्हणते तुमचं थेटर वेगळं होतं आणि आमचं वेगळं, जरी तिकीट एकाच खिडकीवर मिळत होतं. मल्टिप्लेक्स महाग आहे, मान्य, पण मी तिथे एकटी जाऊन पिक्चर बघून येते. वाचवायचं म्हणताय ना, मग कडीपासून सुरू करा.

*पॅरिसचं विद्यार्थीजीवन*

शिकायला फ्रान्सला होतो तेव्हा छोटी थेटरं एवढी जिवंत कशी याचं मला नवल वाटायचं. फ्रेंच लोक मुळातच रसिक वगैरे ऐकवतात सगळे, ते सोडा. तिथे प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर आहे, पिक्चर कुठलाही असो, देशी का परदेशी. तो पैसा सिनेमाच्या सरकारी संस्थेकडे जातो आणि तिथून परत थेटरांच्या दुरुस्तीला, निर्मात्यांना, वेगळे पिक्चर लावणाऱ्या छोट्या थेटरांना मिळतो. म्हणजे गल्लाभरू पिक्चर बघणारा नकळत कोपऱ्यातल्या थेटरचं छप्पर दुरुस्त करतो. वर केबिनवाले काकांनी मशीनच्या खर्चाचं लिहिलंय ना, तर २०१० मध्ये तिथे कायदाच केला की प्रिंटचे पैसे वाचलेल्या वितरकाने थेटरच्या डिजिटल मशीनला हातभार लावायचा. इतर ठिकाणी पण अशी वर्गणी होती पण ती आपापसातल्या करारावर, आणि करारात छोट्याचं कोण ऐकतं. ला सियोता नावाच्या गावी एडन म्हणून अगदी सुरुवातीच्या काळातलं थेटर आहे, १९९५ पासून बंद पडलेलं, ते सार्वजनिक पैशातून दुरुस्त होऊन २०१३ ला परत उघडलं. नुसत्या प्रेमावर नाही झालं ते.

*सावलीची आई*

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. मोठा आवाज आणि एकदम होणारा अंधार त्याला सहन होत नाही, त्यामुळे आम्ही पिक्चर हा विषयच सोडून दिला होता. आमच्या जवळच्या छोट्या थेटरच्या मॅनेजरबाईंना सहज विचारलं तर त्यांनी महिन्यातून एका सकाळी तसा शो सुरू केला. दिवे अर्धे चालू, आवाज कमी, जाहिराती नाहीत, उठून फिरलं तरी कुणी "बसा हो" म्हणत नाही. पहिल्या वेळी तो पूर्ण वेळ पडद्याजवळच्या मोकळ्या जागेत गोल गोल चालत होता आणि मध्येच थांबून वर बघत होता. आता खुर्चीवर बसतो, बरीचशी वेळ तरी. आमच्यासारखी इतर घरं आणि आजीआजोबा पण येतात त्या शोला. मोठ्या ठिकाणी मी हेच विचारलं होतं, तिथे मला एक फॉर्म भरायला दिला.

*बाल्कनी बंद*

@मी नाही जात, ताई राग कशाला. कड्या आहेत आमच्याकडे, पण तुमचं वाचून बहिणीला विचारलं तर ती म्हणाली कडी आहे, दिवा नाही. वीस वर्षं रोज जाते तिथे आणि मला आज सांगते. उद्या बसवतोय. रात्रीच्या शोला हॉलमध्ये एक बाई डोअरकीपर ठेवायचं पण दोघांच्यात बोलणं चाललंय.

@केबिनवाला, काका तुम्हाला एक विचारायचंय. पडद्यावर उजेड कमी पडतोय, लोक तक्रार करतात. प्रोजेक्टरमधला झेनॉन वायूचा दिवा बदलत राहू की लेझर मशीनसाठी कर्ज काढू? विकणारा म्हणतो वीस हजार तास बघायला नको.

*केबिनवाला*

कर्जाच्या आधी तीन गोष्टी बघ. केबिनच्या खिडकीची काच दोन्ही बाजूंनी पूस, हॉलच्या बाजूला धूळ-तेलाचा थर बसतो आणि तिथे कुणी शिडी लावत नाही. मग मीटर आणून पडद्याच्या मधोमध उजेड मोज, १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) यायला पाहिजे, डोळ्याने ठरवू नकोस. आणि पडदा कुठला आहे, थ्रीडीच्या वेळी बसवलेला चंदेरी असेल तर मध्ये चकाकतो आणि कडेच्या खुर्च्यांना अंधारच दिसतो, त्यावर लेझर लावून पैसे वाया. तसा असेल तर आधी पडदा बदल. दिवा बदलताना तोंडावर फेस शील्ड आणि हातात मोजे घालूनच, थंड असताना पण, आत दाब असतो, फुटतो. आकडा किती आला ते इथेच कळव.