‘माणसापासून आलं की ३००२’ हा सल्ला मागे घ्या

वाळूज_दस्तऐवज
आयातवाल्यांच्या गटात कालपासून एक पोस्ट फिरतेय: “माणसाच्या शरीरातून आलेलं औषधी सामान असेल तर डोळे झाकून ३००२ टाका. ड्युटी सगळीकडं सारखीच, क्वेरीत कशाला अडकता?” ३००२ म्हणजे सीमाशुल्काच्या दरपत्रकातला मालाचा एक कोड; त्याला शीर्षक म्हणतात, आणि त्याचे पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण. पोस्टखाली अंगठ्यांची रांग लागलीय. नवी पोरं हे वाचून बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचं आयातीचं विवरण) भरतील, म्हणून सविस्तर लिहितो.

३००२ मध्ये मानवी रक्त, अँटिसेरा (प्रतिपिंडं असलेले सीरम), रक्ताचे इतर अंश, इम्युनॉलॉजिकल उत्पादनं, लसी, सूक्ष्मजीवांची आणि पेशींची कल्चर येतात. ‘मानवी’ हा शब्द तिथं फक्त रक्ताला लागलाय, सगळ्या यादीला नाही.

गरोदर बाईच्या लघवीतून काढलेलं एचसीजी बघा. सुटी पावडर आली तर ते हार्मोन, २९३७ १९. तीच ५००० युनिटच्या व्हायलमध्ये (कुपीत) भरून आली तर ३००४ ३९. युरोकायनेज पण लघवीतूनच येतं, पण ते एन्झाइम: सुटं ३५०७ ९०, व्हायलमध्ये ३००४ ९०. निर्जंतुक पाकिटातला हाडाचा ग्राफ्ट (रोपणाचा तुकडा), कॉर्निया ३००१ ९०. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उपचारासाठी तयार केलेलं नसेल तर प्रकरण ३० ची पहिलीच टीप त्याला बाहेर काढून ३५०२ ला पाठवते. लॅबचं मशीन बरोबर मोजतंय ना, हे तपासायला रोज सकाळी चालवायचा कंट्रोल सीरम ३८२२.

आता उलटं बघा. हॅमस्टरच्या पेशींत बनवलेल्या रिकॉम्बिनंट फॅक्टर ८ (रक्त गोठवणारं प्रथिन) मध्ये दात्याच्या रक्ताचा थेंब नसतो, तरी तो ३००२ १२ मध्येच, कारण शीर्षकातच ‘जैवतंत्रज्ञानाने मिळवलेले असोत वा नसोत’ असं लिहिलंय. पदार्थ कोणता, हे आधी ठरवा. मग तो कशासाठी तयार केलाय आणि कसा भरलाय ते बघा. मूळ त्यानंतर.

जालना_सीएचए
ती पोस्ट माझी आहे. अर्धवट वाक्य उचलून चावडीवर मांडू नका. मी रोज भरल्या जाणाऱ्या मालाबद्दल बोललो. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, फॅक्टर हे सगळं ३००२ च आहे. आणि औषधाच्या डब्यात फरक काय पडतो? प्रकरण ३० मध्ये सर्वसाधारण बेसिक १० टक्के, त्यावर सरचार्ज १, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ५. शंभराच्या मालावर १६ रुपये ५५ पैसे. ३००१ टाका, ३००२ टाका, ३००४ टाका, आकडा तोच.

इकडं मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोत ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उडत असतो. नेहमीच्या थर्माकोलच्या डब्यातून दिवसाला दोन ते साडेचार किलो जातो. वर्गीकरणाच्या क्वेरीत तीन दिवस गेले तर उणे वीसला ठेवायचा माल कामातून गेला. नंतर समृद्धीवरून रीफर (थंड माल नेणारी गाडी) कितीही जोरात पळवा, उपयोग शून्य.

शेंद्रा_कर
दादा, आकडा तोच नाही. तुमचं गणित औषधाच्या डब्यापुरतं आहे, पण पोस्टमध्ये ‘शरीरातून आलेलं’ लिहिलंय. त्यात सुटं एचसीजी आलं, सुटं युरोकायनेज आलं. प्रकरण २९ आणि ३५ चा सर्वसाधारण आयजीएसटी १८. तो लागू असताना तुम्ही ३००२ टाकून ५ भरला, तर १३ टक्के कमी. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ ची नोटीस येते. साध्या चुकीला दोन वर्षं मागं जातात, माहिती दडवली असं ठरलं तर पाच. वर १५ टक्के व्याज. त्याच कायद्याचं ११४ए लागलं तर दंड ड्युटीएवढा.

जालना_सीएचए
आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढच्या करातून वजा होतो. कारखान्याला भार नाही.

शेंद्रा_कर
कारखान्याला मिळतं. दवाखान्याची सेवा जीएसटीमुक्त, त्याला क्रेडिट कुठून मिळणार? भरलेला रुपया पेशंटच्या बिलात जातो. शिवाय व्याजाचं आणि दंडाचं क्रेडिट कुणालाच नाही.

आणि ३००१ व ३००४ मधला फरक. ३००४ च्या शीर्षकात वगळलेली नावं वाचा: ३००२, ३००५, ३००६. त्यात ३००१ नाही. म्हणून डोस करून भरलेलं हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) ३००१ मधून निघून ३००४ मध्ये जातं, आणि अल्ब्युमिनची बाटली किरकोळ विक्रीच्या खोक्यात आली तरी ३००२ सोडत नाही. एका ओळीत एक आकडा नाही, त्यावर सगळं उभं आहे.

नांदेड_रक्तपेढी
सगळे परदेशी बाटल्यांवर भांडताय. प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या पिवळ्या द्रवाचं, कुणी बोलतच नाही. ‘मानवी रक्त आणि त्याचे घटक’ यावर कर शून्य आहे. प्लाझ्मा घटक नाही तर काय आहे? औषध नियम १२२-ईए उघडा: एका दात्याच्या एका युनिटमधून वेगळं काढलं ते घटक, अनेकांचा प्लाझ्मा एकत्र करून फ्रॅक्शनेशननं (अंश वेगळे करून) काढलं ते उत्पादन. पिशवी सेंट्रिफ्यूजमधून काढली, वरचा पिवळा थर दुसऱ्या पिशवीत ढकलला, सहा ते आठ तासांच्या आत गोठवला, उणे तीसला ठेवला. यात ‘उत्पादन’ कुठं झालं?

शेंद्रा_कर
ताई, नियम बरोबर वाचलाय, पण तो औषध कायद्याचा. करासाठी ९ ऑगस्ट २०१८ चं परिपत्रक ५२/२६/२०१८ आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की प्लाझ्मा ‘अँटिसेरा व रक्ताचे इतर अंश’ यात बसतो. नॉर्मल ह्युमन प्लाझ्माचं नाव जीएसटी दरांच्या यादी १ मध्ये असल्यानं त्यावर ५, आणि यादीत नाव नसलेल्या प्लाझ्मा-उत्पादनांवर तेव्हा १२.

नांदेड_रक्तपेढी
म्हणजे एकच पिशवी एका खात्याला घटक आणि दुसऱ्याला अंश. लाल पेशी शून्यात, प्लाझ्मा पाचात, आणि दोन्ही एकाच हातातून, एकाच वेळी निघालेले. हे तुम्हाला पटतं?

शेंद्रा_कर
पटणं वेगळं, भरणं वेगळं. शून्य दाखवून भरलात तर नोटीस तुमच्या नावानं येईल.

नांदेड_रक्तपेढी
नोटिशीची भीती घालू नका, मुद्द्यावर बोला. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनं जादा प्लाझ्माचं विनिमय मूल्य २०१५ मध्ये लिटरला १,६०० रुपये ठरवलं. आपल्याकडच्या छोट्या पेढ्यांत डीप फ्रीझरला जनरेटरची जोड नीट नसली की उन्हाळ्यात तापमान चढतं, गोठायला उशीर होतो, फॅक्टर ८ उतरतं. तो प्लाझ्मा मग फॅक्टरसाठी चालत नाही. आणि हिमोफिलियाच्या लेकराला परदेशी व्हायल लागते. तुम्ही शीर्षकं मोजताय, मी वाया गेलेल्या पिशव्या मोजतेय.

जालना_सीएचए
ताईंचं दुखणं खरं आहे, पण ते आयातीच्या धाग्यात कशाला?

नांदेड_रक्तपेढी
कारण आयात त्यामुळंच होते!

परभणी_लॅबसाहित्य
आवाज खाली घ्या सगळ्यांनी. माझा मुद्दा कंट्रोल सीरमचा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथं होतात. इनव्हॉइसवर ‘ह्युमन सीरम’ एवढंच लिहून येतं. सीएचए (आयातदाराचा कस्टम्स दलाल) ३००२ टाकतो. मग सिस्टिम माल औषध खात्याच्या एनओसीकडं (ना-हरकतीकडं) वळवते, तिथं फॉर्म ४१ आणि फॉर्म १० (औषधाची नोंदणी आणि आयात परवाना) मागतात, आणि आयातदाराकडं असतो वैद्यकीय उपकरण नियमांचा आयात परवाना, एमडी-१५. माल बरोबर, परवाना बरोबर, आणि तरी अडकला, फक्त आकड्यामुळं.

वर्णन असं द्या: ‘क्लिनिकल केमिस्ट्री कंट्रोल, लायोफिलाइज्ड, मानवी सीरम आधारित, फक्त इन व्हिट्रो निदानासाठी, ५ मिलीच्या २० व्हायल’. सोबत इन्सर्ट (खोक्यातलं माहितीपत्रक), लॉटवार मूल्यांचा तक्ता, आणि एचआयव्ही, एचबीएसएजी, एचसीव्ही नसल्याचं उत्पादकाचं पत्र. हा ३८२२ १९. प्रमाणपत्रात मूल्य, ते काढायची पद्धत आणि खात्रीची मर्यादा तिन्ही दिलेली असतील तरच प्रमाणित संदर्भ पदार्थ म्हणून ३८२२ ९०. रक्तगटाचे अभिकर्मक १ जानेवारी २०२२ पासून ३००६ २० मधून उठून ३८२२ १३ ला गेलेत. जुना आकडा अजून लोक टाकतात.

जालना_सीएचए
कंट्रोल सीरमचं मान्य. ते मी पोस्टमध्ये वेगळं लिहायला हवं होतं. सुट्या हार्मोनचंही मान्य, शेंद्रावाले, १८ टक्के माझ्या डोक्यात नव्हते. पण वेळेचं माझं म्हणणं सोडत नाही. तुम्ही सगळे आकडा बरोबर काढाल आणि माल माराल.

वाळूज_दस्तऐवज
माल मरतो तो उशिरा भरल्यामुळं. विमान यायच्या आधी ३० दिवसांपासून बिल ऑफ एंट्री भरता येतं. आगाऊ भरा. प्रक्रियेचा तक्ता, सीओए (तपासणीचं प्रमाणपत्र), इन्सर्ट त्याच दिवशी ई-संचितवर (कस्टम्सच्या ऑनलाइन कागदपत्र व्यवस्थेत) चढवा. वर्णनात ताकद आणि भरणी लिहा: ‘ह्युमन अल्ब्युमिन २० टक्के, १०० मिली, प्लाझ्मापासून, शिरेतून देण्यासाठी’. ‘बायोलॉजिकल प्रॉडक्ट’ असं लिहिलं की क्वेरी आलीच. औषधाची एक्स्पायरीपर्यंत उरलेली मुदत ६० टक्क्यांच्या खाली नाही ना, ते माल चढवायच्या आधी पुरवठादाराकडून लेखी घ्या. सहारला कळलं तर उशीर झालेला असतो. तरीही वर्गीकरणाचा वाद उठलाच तर कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागा, बाँड द्या, माल सोडवा, वाद कागदावर चालू द्या. एकच माल वर्षभर येणार असेल तर अ‍ॅडव्हान्स रूलिंग (वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय) घ्या.

जालना_सीएचए
ठीक. पोस्ट दुरुस्त करतो. पण एक सांगा, फायब्रिन सीलंटचा किट येतोय. एका व्हायलमध्ये फायब्रिनोजेन, दुसऱ्यात थ्रॉम्बिन, दोन्ही मानवी प्लाझ्माचे. हा तरी ३००२ ना?

शेंद्रा_कर
नाही. दोन्ही वेगवेगळे आले असते तर हो. प्रकरण ३० ची टीप ४ वाचा: जखम बंद करायचे निर्जंतुक ऊती-चिकटद्रव्य आणि शोषले जाणारे निर्जंतुक रक्तरोधक ३००६ मध्ये, ‘इतर कोणत्याही शीर्षकात नाही’. इन्सर्टमध्ये वापर काय लिहिलाय ते बघा. शस्त्रक्रियेत रक्त थांबवणं किंवा ऊती चिकटवणं असेल तर ३००६ १० मांडा.

जालना_सीएचए
इन्सर्ट सकाळी टाकतो. माल गुरुवारी चढतोय.