आंबोली घाटासाठी पोलो टीएसआय : आधी रीमॅप, की आधी टायर आणि ब्रेक?

कुडाळचा_सारथी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 2020 सालची फोक्सवॅगन पोलो आहे. इंजिन 1.0 टीएसआय (टर्बो, म्हणजे दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचे पेट्रोल इंजिन), गिअरबॉक्स सहा गिअरांचा मॅन्युअल, आणि आतापर्यंतची धाव 58,000 किलोमीटर. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे 110 पीएस शक्ती आणि 175 न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. त्या किमतीत इतकी चपळ गाडी दुसरी दिसली नाही, म्हणून ती घेतली आणि अजूनही ती विकावीशी वाटत नाही. कामानिमित्त दर आठवड्याला कुडाळहून सावंतवाडी-आंबोलीमार्गे बेळगावला जावे लागते. सुट्टीच्या दिवशी वेंगुर्ला किंवा मालवणच्या बाजूला फेरी होते.

आता गाडीवर साधारण 80,000 रुपये खर्च करण्याचा विचार आहे. एका ट्यूनिंगवाल्यांनी 40,000 रुपयांत रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून, टॉर्क 220 च्या पुढे नेऊन देतो असे सांगितले आहे. त्याच्या जोडीला मोठ्या तोंडाचा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर आणि गाडी सुमारे 35 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा असा पूर्ण संच त्यांनी सुचवला आहे. मला शर्यत लावायची नाही. चढावर ट्रकच्या मागून सुटताना जोर हवा आणि उतारावर गाडीचा भरवसा वाटायला हवा, एवढीच अपेक्षा आहे.

दोन गोष्टी मुद्दाम नोंदवतो. गेल्या जुलैत घाट उतरून दाणोलीच्या जवळ आलो तेव्हा ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा मऊ लागत होता आणि जरा जास्तच आत जात होता. थोडा वेळ थांबल्यावर तो पूर्ववत झाला. मेकॅनिकने पॅड पाहिले, ते निम्म्याहून अधिक शिल्लक आहेत. दुसरे म्हणजे ओल्या वळणावर गाडीचे नाक बाहेरच्या बाजूला सरकते. टायर 185/60 आर 15 मापाचे, कंपनीने दिलेलेच आहेत. अशा स्थितीत पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

घाटपायथा

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच शेवटच्या परिच्छेदात लिहून ठेवले आहे, असे मला वाटते. ट्यूनिंगवाल्यांनी दिलेल्या यादीतली एकही वस्तू त्या दोन तक्रारींना हात लावत नाही.

पेडलची तक्रार आधी घेऊ. घाटात ब्रेक दोन प्रकारे दगा देतात आणि ते पायाला वेगवेगळे कळतात. पेडल कडक राहतो पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड प्रमाणाबाहेर तापलेले असतात. पेडल मऊ होऊन आत जातो, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. बुडबुडा दाबला जातो आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. तुमचे लक्षण उघडच दुसऱ्या प्रकारचे आहे, म्हणून पॅड पाहून काही निष्पन्न झाले नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि आपल्याकडच्या हवेत तो किती असतो हे कुडाळच्या माणसाला सांगायला नको. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की तीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. 2020 नंतर तुम्ही ते बदलले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. बदलले नसेल तर प्रथम तेच करा. हवे तर डॉट 5.1 घाला, त्याची ताजी मर्यादा 260 आणि ओलाव्यासह 180 अंश आहे, आणि ते डॉट 4 च्या गाडीत चालते. नुसते डॉट 5 मात्र सिलिकॉनचे असते. नाव सारखे वाटले तरी ते या गाडीत घालायचे नाही.

घाटात ब्रेकवर किती बोजा येतो याचा हिशेब एकदा मांडून पाहा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. त्यातले 500 मीटर जरी तुम्ही केवळ ब्रेकवर उतरलात, तरी ताशी 100 किलोमीटरच्या वेगातून गाडी पूर्ण थांबवताना जेवढी उष्णता निर्माण होते तिच्या जवळजवळ तेरा पट उष्णता ब्रेकमधून बाहेर पडावी लागते, आणि गाडीचे वजन कितीही असले तरी हे प्रमाण बदलत नाही. पावसाळ्यात धबधब्यापाशी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली असते, त्यामुळे आपण पाय ब्रेकवर ठेवून रेंगाळत उतरतो आणि डिस्कला वारा मिळत नाही. म्हणून तिसऱ्या गिअरवर, तीव्र वळणांत दुसऱ्यावर उतरावे. तुमचे इंजिन 999 सीसीचे आहे, ते मोठ्या इंजिनाएवढे धरून ठेवणार नाही, त्यामुळे गिअर एक पायरी आधीच खाली घ्यावा लागतो.

मोठ्या डिस्कचा मोह तुम्हाला पडलेला दिसत नाही, पण कोणीतरी सुचवेलच, म्हणून लिहितो. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी 60 च्या वेगात, मागे कोणी नाही याची खात्री करून, ब्रेक जोरात दाबा. पायाखाली एबीएसची (चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवली तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे आणि टायरची पकड कमी पडते आहे, एवढे सिद्ध होते. मोठी डिस्क उष्णता अधिक सोसते. एका दमात थांबण्याचे अंतर ती कमी करत नाही. शर्यतीचे पॅडही घेऊ नका. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि आपल्याकडे चार महिने डिस्क थंड आणि ओलीच असते.

आता टायर. कडेला लंबगोलात चार अंक असतात. 3920 असेल तर तो टायर 2020 सालच्या 39 व्या आठवड्यात बनला आहे. खाचा कितीही शिल्लक दिसल्या तरी इतक्या वर्षांच्या उन्हाने रबर कडक होते, आणि ओल्या वळणावर नाक बाहेर सरकण्याचे कारण बहुधा हेच असेल. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत कायद्याला चालते, पण आपल्या पावसात 3 मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर मी घाटात उतरत नाही.

हातखंबा_तिठा

घाटपायथा यांच्या ब्रेक-टायरच्या मुद्द्याशी सहमत आहे, परंतु रीमॅपला सरसकट बाजूला सारणे मला पटत नाही. माझीही हीच गाडी आहे, रत्नागिरी-कोल्हापूर या मार्गावर आंबा घाटातून नियमित जाते, आणि मी 30,000 किलोमीटरवर रीमॅप करून घेतला. टर्बो इंजिनात पैशांच्या मानाने एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही, कारण टर्बो किती दाब देणार हे मुख्यतः संगणकाच्या आज्ञेवर ठरते. टर्बो नसलेल्या स्विफ्टमध्ये हाच खर्च जवळजवळ वाया जातो. ट्रकला ओलांडताना समोरच्या मार्गिकेत जितके कमी सेकंद राहू तितके बरे, हाही सुरक्षिततेचाच विचार आहे.

मात्र त्याची किंमत प्रामाणिकपणे सांगतो. ज्यांच्याकडून काम करून घेतले त्यांचे नाव घेत नाही. त्यांनी पहिल्याच खेपेला टॉर्क इंजिनाच्या अगदी खालच्या फेऱ्यांवर (आरपीएमवर), एकदम उसळेल असा ठेवला होता. पहिला महिना फार सुखाचा गेला. नंतर चौथ्या गिअरवर 1,500 फेऱ्यांच्या आसपास पाय दाबला की चढावर इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली. थेट पेट्रोल फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकते, आणि तो धक्का पिस्टनला सोसावा लागतो. मी पुन्हा जाऊन 2,000 फेऱ्यांच्या खालचा टॉर्क मुळाएवढा करून घेतला, तेव्हा ते थांबले. दुसरी गोष्ट क्लचची. तो 175 न्यूटन-मीटर लक्षात घेऊन दिलेला आहे. माझा 75,000 किलोमीटरवर घसरू लागला, म्हणजे पाचव्या गिअरवर फेऱ्या वाढत, पण वेग वाढत नसे. तिसरी गोष्ट पेट्रोलची. वाढीव रीमॅप 95 ऑक्टेन गृहीत धरून बसवतात, आणि ते प्रत्येक पंपावर असतेच असे नाही. साधे भरले की संगणक ठिणगी मागे घेतो आणि विकत घेतलेला जोर तिथेच राहतो.

म्हणून रीमॅप करायचाच असेल तर 220 चा आग्रह धरू नका, 200 च्या आसपास थांबायला सांगा, आणि काम होण्याआधी आणि झाल्यावर दोन्ही वेळच्या नोंदी मागून घ्या. तोवर एक फुकटचा उपाय आहे : चढावर ट्रकच्या मागे असताना चौथ्याऐवजी तिसरा गिअर धरा. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क 1,750 फेऱ्यांपासून पुढे मिळतो. अनेकजण त्याच्या खाली राहून गाडीला दोष देतात.

उघडा एअर फिल्टर मात्र अजिबात नको. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, जांभ्याची तांबडी धूळ आत सोडतो, आणि ती धूळ टर्बोच्या पात्यांवरच जाते. कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदलणे पुरेसे आहे.

आरसी_बुक

मी काही वर्षे विम्याच्या सर्वेक्षणाचे काम केले आहे, म्हणून एवढेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे. सायलेन्सरचा आवाज पोलिसांना रस्त्यावरूनच ऐकू येतो. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही, पण मोठ्या अपघातानंतर गाडी बारकाईने तपासली जाते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला तर दाव्यावर वाद निर्माण होतो. इंजिनाची हमी शिल्लक असेल तर तीही गेली असे समजा. मूळ मापाचे टायर, ब्रेक ऑइल आणि कंपनीच्या दर्जाचे पॅड यांपैकी कशानेही हा प्रश्न उभा राहत नाही.

दाभोळ_धोपावे

स्प्रिंगांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. मीही एकेकाळी हौसेने गाडी 40 मिलिमीटर खाली बसवली होती. ओहोटीच्या वेळी जंगलजेटीवर (गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीवर) चढताना उतरण आणि फळी यांच्यात असा कोन होतो की पुढचा बंपर घासल्याशिवाय राहत नाही, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांसमोर ती शोभा होते. तुम्ही दक्षिणेला राहता, तुम्हाला जेटी रोज लागणार नाही, पण गतिरोधक आणि गणपतीत चार माणसे व सामान भरलेली गाडी तिकडेही आहेतच. शिवाय छोट्या स्प्रिंगांवर मूळचे शॉकअप आपल्या ठरलेल्या पल्ल्याबाहेर काम करतात आणि लवकर गळू लागतात. 58,000 किलोमीटरवर शॉकअप आणि खालच्या हातांचे बुश (चाकाला धरणाऱ्या दांड्यांचे रबरी जोड) तपासून घ्या. ते थकलेले असतील तर मूळ प्रकारचेच नवे बसवा. गाडी नवी असताना वळणावर कशी चालत होती हे आपण विसरून गेलेलो असतो.

वेंगुर्ल्याच्या बाजूला जाता म्हणून आणखी एक. समुद्राकडून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा. खारी हवा ब्रेकच्या नळ्यांना आणि मागच्या ड्रमला सोडत नाही. पावसाळ्यात सपाट जागी गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, नाहीतर ड्रम आतून चिकटतात.

कुडाळचा_सारथी

सर्वांचे आभार. आज सकाळी गाडीखाली वाकून पाहिले. चारही टायरांवर 3120 आहे आणि पुढच्या दोघांच्या खाचा 3 मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरल्या. सर्व्हिसची पुस्तिका काढली, तर ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद कुठेही नाही. मला तपासणीचे पैसे दर वर्षी लागत होते, हे विशेष.

रीमॅप आणि संच दोन्ही तूर्त रद्द केले आहेत. ब्रेक ऑइल शनिवारी बदलून घेतो. पॅड, शॉकअप आणि बुश त्याच वेळी पाहायला सांगतो. टायरबाबत एक शंका उरली आहे. दुकानदार 195/55 आर 15 घ्या म्हणतो, रुंद टायर जास्त धरतो असे त्याचे म्हणणे. घ्यावेत का?

घाटपायथा

कोरड्यावर थोडेफार धरतील. पण 185/60 चा व्यास साधारण 603 मिलिमीटर आणि 195/55 चा 595.5 येतो, म्हणजे गाडी जवळजवळ 4 मिलिमीटर खाली जाईल आणि काटा खऱ्या वेगापेक्षा सव्वा टक्का आणखी पुढे दाखवेल. हे फार नाही. खरी अडचण पावसाची आहे : रुंद टायरला समोरचे पाणी बाजूला सारायला जास्त काम पडते, त्यामुळे महामार्गाच्या काँक्रीटवर पाणी साचले असता तो लवकर तरंगतो. 185/60 हेच माप ठेवा आणि वाचलेले पैसे ओल्या रस्त्यावर चांगल्या पकडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या वरच्या प्रतीच्या टायरवर घाला. चारही एकदम बदला, अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, आणि दुकानातून निघण्यापूर्वी प्रत्येक टायरचे चार अंक वाचा. दीड-दोन वर्षे गोदामात पडलेला माल सवलतीत खपवतात.