पैसे पालकांच्या हातात द्या, शाळा आपोआप सुधारतील, म्हणे!

खोपटकर: काल एका दादांनी इथे लिहिलं की महापालिका एका मुलामागे जेवढा खर्च करते तेवढ्या रकमेचं कुपन थेट पालकांना द्यावं. पालक हवी ती शाळा निवडतील आणि गिऱ्हाईक पळालं की पालिका शाळांना जाग येईल. खाली नुसत्या टाळ्या. गप्प बसणार होतो, पण राहवेना.

दादा, हे कुपन आपल्याकडे आहेच की. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागा, म्हणजे दुसरं काय? पोरगं खासगी शाळेत, फी सरकार भरणार, मुलामागे वर्षाला फार तर १७,६७०. मग सरकार ते वर्षानुवर्षं थकवतं आणि शाळेचा राग पोरावर निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर नियमच फिरवला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला या २५ टक्क्यांतून सूट. आपल्या ठाण्यात एक किलोमीटरच्या आत काय नसतं? जुलैत हायकोर्टाने ते रद्द केलं. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता आणि पोरं घरी.

आमच्या इस्त्रीवाल्याच्या मुलीचा फॉर्म मीच भरला होता. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, नोंदणी केलेला भाडेकरार, सगळं जमवलं. मग फॉर्ममधला तो नकाशा. घराची खूण गल्लीच्या या टोकाला ठेवली तर शाळा एक किलोमीटरच्या आत, त्या टोकाला सरकली की बाहेर. नंबर लागला. फी शून्य, पण पुस्तकं शाळेच्याच खिडकीतून घ्यायची, सहलीचे वेगळे, स्नेहसंमेलनाच्या कपड्यांचे वेगळे. आणि आरटीई संपते आठवीला. नववीत पूर्ण फीची चिठ्ठी घरी आली. मैत्रिणी तिथेच राहिल्या, ही बाहेर. कोणी कोणाला निवडलं, सांगा.

पामबीच_बाबा: म्हणजे काहीच करू नये? तुमची मुलं कुठल्या माध्यमात शिकली ते आधी लिहा, मग पुढे बोलू. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा याच २५ टक्क्यांतून शिकला, आज ऐरोलीत इंजिनिअरिंगला आहे. दिघ्याच्या वस्तीतून! तुमच्या हिशेबाने त्यानेही घरी बसायला हवं होतं. आणि नवी मुंबई पालिकेने सीवूड्सला, कोपरखैरण्याला सीबीएसई शाळा काढल्या, त्यांच्या प्रवेशाला पालकांची झुंबड असते. पर्याय दिला की लोक येतात.

खोपटकर: मराठी माध्यम, दोघंही. पुढे बोला.

आणि त्या सीबीएसई शाळा पालिकेनेच काढल्या ना? मग माझाच मुद्दा झाला. पैसा शाळेत घाला, कुपनात नको.

वागळेची_बाई: मी पालिका शाळेत शिकवते, म्हणून बोलते. स्पर्धेने आम्हाला जाग येईल म्हणे. आम्ही झोपतो कधी? बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, सरकारच्या यू-डायसवर शाळेची माहिती भरा, आधार जुळत नाही म्हणून पोराच्या आईला तीनदा बोलवा, खिचडीचा हिशेब. यातून वेळ उरला तर फळा.

आणि पट घसरला की काय होतं माहीत आहे का कोणाला? संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जातं. एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याला दुसरीकडे पाठवतात आणि उरलेली पोरं दोन वर्ग एकत्र करून एकाच खोलीत. ज्यांच्या आईबापाला फॉर्म भरायला वेळ नव्हता तीच पोरं उरतात. शाळा सुधारत नाही, ओस पडते.

पामबीच_बाबा: बाईंचा पगार सातव्या आयोगाचा, शेजारच्या खासगी शाळेतल्या बाईंना त्याच्या निम्माही नाही. तरी रांग तिकडेच. का?

वागळेची_बाई: पगार काढलात ना, वाटलंच होतं. एक दिवस वर्गावर या. चहा माझ्याकडून.

घोडबंदरचा_कैदी: तुमचं चालू द्या, पण आमची शाळा वाहतूक पोलीस निवडतात. घर कासारवडवलीला, मुलीची शाळा पाचपाखाडीत. सकाळी अंधारात बसला उभी राहते. डबा बसमध्येच संपतो कारण माजिवड्यापर्यंत पोहोचेपर्यंत भूक लागते. घोडबंदर रोडवर एक कंटेनर बंद पडला की पहिला तास गेलाच. मला कुपन नको, रस्ता द्या.

बेलापूर_नोड: म्हणून माणसाने सिडकोने आखून वसवलेल्या नवी मुंबईत राहावं. प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, शाळेचे भूखंड आधीच आखलेले. 😊

घोडबंदरचा_कैदी: हो, आणि ते भूखंड सवलतीच्या दरात मिळालेल्या संस्थांची फी किती आहे तेही लिहा की. जमीन लोकांची, फी पंचतारांकित.

बेलापूर_नोड: निदान मुलं चालत जातात. तुमच्याकडे टॉवर आधी, नळ नंतर, शाळा देवाच्या भरवशावर. बिल्डरच्या जाहिरातीत 'शाळा पाच मिनिटांवर' वाचून फ्लॅट घेतलात ना?

घोडबंदरचा_कैदी: फ्लॅट कशाला घेतला ते तुम्ही विचारू नका. मेट्रो ४ चे खांब बघत आमची पोरं मोठी झाली. आणि व्हॅन? मागे दप्तरं, दप्तरांवर पोरं, आणि काका फोनवर.

ठाणे_पूर्व: व्हॅनवाल्यांना नावं ठेवू नका. माझा भाऊ व्हॅन चालवतो. पालकच सांगतात, अजून एक बसवा, पाचशे कमी करा.

खोपटकर: मंडळी, धागा शाळांचा आहे.

घोडबंदरचा_कैदी: अहो, शाळेबद्दलच बोलतोय! पोचता येत नसेल तर ती निवड कसली? इस्त्रीवाल्याच्या नकाशावर चार ओळी लिहिल्यात, आमच्या रस्त्यावर एक तरी लिहा.

खोपटकर: बरं, हे मान्य. कुपनवाल्यांच्या हिशेबात बसचं भाडं कुठेच नसतं.

कुपनवाले_दादा: ज्याच्यावर एवढं रामायण झालं तो मीच. स्वीडनमध्ये १९९२ पासून पैसा मुलामागे जातो. देश बुडाला नाही.

वागळेची_बाई: आणि चिलीत १९८१ पासून. तिथे अनुदान घेणाऱ्या शाळा वरून फीही घ्यायच्या आणि पोरं पारखूनही घ्यायच्या. शेवटी २०१५ मध्ये कायदा करून निवड, वरची फी, नफा, तिन्ही बंद करायला लागले. तेही लिहा.

कुपनवाले_दादा: मग आपणही अटी घालू. मुलाखत नाही, वरून पैसे नाहीत.

वागळेची_बाई: मुलाखत २०१० पासून कायद्याने बंदच आहे, दादा. आता तिला 'पालकांशी अनौपचारिक गप्पा' म्हणतात. वडील काय करतात, घरी कोणती भाषा बोलता.

पामबीच_बाबा: हे खरं आहे. आम्हालाही विचारलं होतं. पण म्हणून ताईंच्या मुलाचा हक्क काढून घेणार का?

खोपटकर: कोण काढतंय? मी म्हणतो तो बारावीपर्यंत न्या, शाळांचे पैसे वेळेवर द्या, मग नवीन कुपनाचं बोला.

कुपनवाले_दादा: म्हणजे कुपनच, फक्त तुमच्या हस्ताक्षरात. चला, एवढं तरी पटलं तुम्हाला.

ठाणे_पूर्व: नववीच्या फीचं काय झालं त्या मुलीच्या? आमच्या कोपरीत एका अनुदानित शाळेत इंग्रजी माध्यमाची तुकडी आहे, तिथे विचारू का?

खोपटकर: विचारा. व्यक्तिगत निरोप टाकतो.