जुनी वाई पायी बघायची आहे, आई सोबत आहे. कुठून सुरुवात करू?

घाटवाटा: रविवारी पुण्याहून येतोय. ढोल्या गणपतीला आधी दोनदा आलोय, दर्शन घेऊन लगेच परत. या वेळी जुनं गाव नीट बघायचंय. आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. हाताशी तीन तास.

गणपती आळीकर: आठच्या आत गणपती घाटावर या, नंतर गर्दी होते. दर्शन झालं की देवळाच्या मागे जा. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर फुटून दोन्हीकडे फाकावा म्हणून. लहानपणी पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं ते बघायला पळायचो आणि घरी येऊन मार खायचो. आईंना घाटाच्या पायऱ्या उतरवू नका, दगड गुळगुळीत झालेत. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या आवारात बसवा, तिथला काळ्या पाषाणाचा नंदी निवांत बघण्यासारखा आहे.

मग आळीतून चालत जा. वाडे फार उरले नाहीत. आमचाही पाडला, तिथे तीन मजली इमारत झाली. दिंडी दरवाजाची लोखंडी कडी तेवढी मी उचलून आणली. हाताएवढी आहे, वाजवली की अख्ख्या आळीला कळायचं कोणाकडे पाहुणे आले ते. उरलेल्या वाड्यांची दारं बाहेरूनच बघा, आत माणसं राहतात.

शेवटी गंगापुरी. १९१६ सालची प्राज्ञपाठशाळा तिथेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच विद्यार्थी, पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, म्हणून विश्वकोशाचं काम मुंबईऐवजी वाईत चाललं. रविवारी कार्यालय बंद, तेव्हा बाहेरूनच.

मिसळपाव_सातारा: मेणवली राहिली की! नाना फडणवीसांचा वाडा, आणि घाटावरची ती पोर्तुगीज घंटा, चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतली.

गणपती आळीकर: तीन किलोमीटर आहे हो, गुडघेदुखी असताना पायी कुठे? रिक्षा करा. आणि तिथेही पायऱ्या आहेतच.

घाटवाटा: मेणवली पुढच्या खेपेला मग. काका, ती कडी बघायला मिळेल का?

गणपती आळीकर: या की. नऊनंतर या, आधी मी घाटावरच असतो. चहा घेऊनच जायचं.