कथानक, संविधानक, पटकथा : नेमका फरक काय?

मंडळी, एक शब्द अडलाय. आम्ही कोल्हापुरात सात-आठ जण रविवारी जमून शॉर्टफिल्मच्या स्क्रिप्ट वाचतो, आणि दर वेळी गाडी एकाच जागी अडकते. कुणीतरी म्हणतं 'स्टोरी भारी आहे पण प्लॉट गंडलाय', दुसरा म्हणतो स्टोरी आणि प्लॉट एकच की, मग अर्धा तास त्यातच जातो. मराठीत सांगायला गेलं तर अजून घोळ कारण आपण दोन्हीला कथानकच म्हणतो. परीक्षणात 'चित्रपटाचं कथानक असं' म्हणून सगळी गोष्ट सांगतात आणि खाली त्याच परीक्षणात 'कथानक विस्कळीत आहे' असंही लिहितात, मग गोष्ट विस्कळीत की सांगणं विस्कळीत? आणि प्लॉट म्हटलं की इकडं आधी गुंठ्याचा भाव आठवतो. जुन्या नाटकांवरच्या लेखांत 'संविधानक' वाचलंय, ते म्हणजेच प्लॉट का? पटकथा यात कुठं बसते? जरा उलगडून सांगा, शब्द नीट नसला की नवीन पोरांना चूक दाखवताच येत नाही.

---

दादा, व्याख्या नको, उदाहरणच घेऊया, आपल्या नदीकाठचंच.

'पंचगंगेला पूर आला. मग म्हातारीनं म्हैस विकली.' ही झाली गोष्ट. एकामागनं एक काय घडलं, बस.

'पूर आला, वैरण कुजली, म्हणून म्हातारीनं म्हैस विकली.' इथं 'मग'चा 'म्हणून' झाला. याला मी कथानक म्हणेन. हा फरक ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ मध्ये सांगितला, त्याच्या उदाहरणात राजा मरतो आणि मग राणी मरते ही स्टोरी, आणि राजा गेल्याच्या दुःखानं राणी मरते हा प्लॉट.

आता तिसरं बघा. 'म्हातारी रोज पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात पाण्याची बादली भरून ठेवते.' प्रेक्षकाला कळत नाही का ठेवते, पूर नंतर दिसतो, म्हैस विकल्याचं तर अगदी शेवटी कळतं. घटना त्याच, कारणंही तीच, पण सांगायचा क्रम बदलला. रशियातल्या रूपवादी समीक्षकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यासाठीच दोन शब्द वापरले, घडलेलं सगळं सरळ काळाच्या ओळीत लावलं की 'फाबुला', आणि ते आपल्यापुढं ज्या क्रमानं ठेवलं जातं तो 'स्युझेत'. गंमत अशी की इंग्रजीत स्युझेतलाही बरेचदा प्लॉटच म्हणतात, त्यामुळं फॉर्स्टरचा प्लॉट वेगळा आणि यांचा वेगळा. म्हणजे तुमच्या पोरांचं भांडण अगदीच बिनबुडाचं नाही.

पटकथेचं सोपं आहे, श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद ही तीन नावं वेगळी येतातच. पट म्हणजे पडदा, पडद्यासाठी सीनवार लिहिलेलं ते पटकथा. म्हातारीची कथा कुणाची पण असू दे, पहिला सीन बादलीचा की पुराचा हे पटकथाकार ठरवतो.

---

ताईंचं म्हैस प्रकरण एकदम पटलं. पण संविधानकाबद्दल मला बोलायचंय, हा शब्द असा अडगळीत टाकू नका.

संस्कृतात संविधान म्हणजे नीट जुळवून केलेली व्यवस्था, आणि संविधानक म्हणजे नाटकातल्या घटनांची जुळणी. म्हणजे त्यात गोष्ट नाहीच, जुळणी आहे! आपल्या नाट्यपरंपरेत घटना आणि त्यांची जुळणी वेगळी धरणारा शब्द होता आणि आपण तो सोडून कथानकावर सगळं लादलं याचं मला वाईट वाटतं.

अजून एक सांगतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूला 'इतिवृत्त' म्हटलंय आणि इतिवृत्त हे नाट्याचं शरीर आहे असं सांगितलंय. त्याचे पाच संधी, मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. आता आज संधी म्हटलं की लोकांना चान्स आठवतो, त्यामुळं विद्यार्थी गोंधळतात. पण संधिवातातला संधी घ्या, म्हणजे सांधा. इतिवृत्त शरीर आणि हे त्याचे सांधे, गुडघा, कोपर, जिथं शरीर वळतं. किती नेमकी प्रतिमा आहे बघा, गोष्ट लांब असून चालतं पण सांध्यात वळली पाहिजे, सांधा आखडला की सिनेमा लंगडतो. तिकडं ॲरिस्टॉटल कथानकाला शोकांतिकेचा आत्मा म्हणतो. एकानं आत्मा म्हटलं, एकानं शरीर, कारण भरताच्या विचारात जीव रसात आहे, शरीर रसासाठी. मला तर या एका फरकातून आपले सिनेमे असे का, मधेच गाणं आलं तरी आपल्याला तुटल्यासारखं का वाटत नाही, हे बरंच कळतं.

आणि ॲरिस्टॉटलचे दोन शब्द थेट मराठीत येतात, गाठ बांधणं आणि गाठ सोडवणं. आपण पण म्हणतोच की गुंता आणि उकल. यासाठी इंग्रजी कशाला पाहिजे.

---

काका, आदर ठेवून सांगते, संविधानक आता परत येणार नाही. संविधान म्हटलं की राज्यघटनाच डोळ्यापुढं येते आणि ते बरोबरच आहे, तो अर्थ आता पक्का झालाय. वर्गात 'संविधानक' म्हटलं तर पोरं बाबासाहेबांचं नाव घेतील. मी 'मांडणी' वापरते. गोष्ट, कथानक, मांडणी. तिन्ही शब्द आईला पण कळतात.

माझा आक्षेप दुसऱ्याच शब्दाला आहे, 'तीन अंकी रचना'. १९७९ मध्ये सिड फील्ड या अमेरिकन पटकथा-शिक्षकानं पटकथेची तीन ॲक्टची चौकट मांडली, साधारण १२० पानांत ३०, ६०, ३० अशी, एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट. आपण ॲक्टला सरळ अंक करून टाकलं. पण अंक म्हणजे पडदा पडतो, दिवे लागतात, नाट्यगृहात बसलेला माणूस उठून चहाला जातो. सिनेमातला ॲक्ट बघणाऱ्याला दिसतच नाही, तो लिहिणाऱ्याच्या टेबलावर असतो. त्यापेक्षा 'टप्पा' म्हणा.

उलट आपल्याकडं खरोखर दिसणारा सांधा एकच, इंटरव्हल. त्यासाठी फील्डच्या चौकटीत जागाच नाही आणि आपल्याकडं मात्र 'सेकंड हाफ पडलाय' हे वाक्य न शिकता प्रत्येकाला येतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि मधे बुवांना हार, बुक्का, नामाचा गजर. दोन भाग आणि मधला थांबा हे आपल्या अंगात आधीपासून आहे असं मला मनापासून वाटतं. ज्या गावात १९२९ ला प्रभात कंपनी सुरू झाली, १९३२ ला इथंच 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट तयार झाला, तिथल्या पोरांनी तरी आधी मध्यंतर शिकावं मग तीन टप्पे.

---

अंकाबद्दल मान्य, टप्पा चांगला आहे. पण मांडणी फार मोकळा शब्द आहे, दुकानातली पण मांडणी आणि भांड्यांची पण मांडणी. निदान 'बांधणी' म्हणा, त्यात गाठ आहे.

आणि एक शब्द मात्र घ्याच, 'बिंदू'. जुन्या नाट्यविचारात कथावस्तूचे पाच घटक सांगितलेत, बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य, त्यांतला. मधल्या दुसऱ्या भानगडींनी मूळ धागा तुटला की जे त्याला परत जोडतं ते बिंदू, पाण्यावर तेलाचा थेंब पसरतो तसं. याला इंग्रजीत नेमका शब्द मला अजून सापडला नाही. ताईंच्या उदाहरणातली बादली बघा, पूर आला, पाहुणे आले, पंचनामा झाला, परत बादली दिसली की आपण परत म्हातारीपाशी.

---

सगळ्यांचे आभार, काल रविवारी हे वापरून बघितलं. फळ्यावर गोष्ट, कथानक, बांधणी असं लिहिलं (ताई, मांडणी पण लिहिलं होतं पण पोरांनी बांधणी उचलली) आणि एकाची स्क्रिप्ट घेतली, कुस्ती सोडून दिलेल्या पैलवानाची. आधी सगळे म्हणत होते स्टोरीत दम नाही. मग गोष्ट तीन ओळींत लिहून काढली तर गोष्ट चांगलीच निघाली, 'म्हणून' पण जागेवर होते, फक्त त्यानं पैलवानाचा पराभव पहिल्याच सीनला दाखवून टाकला होता. म्हणजे चूक बांधणीत. दहा मिनिटांत कळलं, भांडण नाही काही नाही. बिंदू विचारल्यावर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, लंगोट दोरीवर वाळत घातलेला दोनदा आलाय, तिसऱ्यांदा आणू का.

आता पुढचं अडलंय. सबप्लॉटला आम्ही उपकथानक म्हणतो, पण काका म्हणतात तसं पताका आणि प्रकरी हे दोन वेगळे असतील, म्हणजे रामायणातला सुग्रीव लांबपर्यंत साथ देतो आणि शबरी एकदाच येऊन जाते, तर या दोघांना एकच उपकथानक शब्द कसा पुरणार? पैलवानाच्या स्क्रिप्टमध्ये एक चहावाला आहे, तो एकाच सीनला आहे पण त्याच्याशिवाय गोष्ट हलत नाही. त्याला काय म्हणायचं?