एकाच दिवशी जयंती आणि पुण्यतिथी: क्रियापद कोणतं लावायचं?

पाटीपेन्सिल

मी पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोज 'आजचा दिनविशेष' लिहायचं काम वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात आहे. एरवी दोन ओळी खरडल्या की झालं, पण १ ऑगस्टला हात अडखळतो. १९२० साली त्या तारखेला मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. नुसती तारीख नाही, सालही एकच.

यंदा मी लिहिलं: 'लोकमान्य टिळक पुण्यतिथी व अण्णा भाऊ साठे जयंती उत्साहात साजरी'. नातवाला सोडायला आलेले एक आजोबा काठी टेकून फळ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "बाई, पुण्यतिथी उत्साहात कशी हो साजरी करता? आणि तिथी म्हणता, मग आज तिथी कुठली आहे ते लिहा की. ही तर तारीख झाली." मुलं फिदीफिदी हसली. मी डस्टर उचललं, पण पुसून नवीन काय लिहावं ते काही सुचेना.

तर प्रश्न दोन. तारखेने येणाऱ्या दिवसाला पुण्यतिथी म्हणणं चूक का? आणि जयंती-पुण्यतिथी एकाच ओळीत आली तर क्रियापद काय?

चष्मिष्ट

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्यावर माझं अर्धं आयुष्य गेलंय. मी मुद्रितशोधक होतो.

'साजरा' हे मुळात विशेषण. 'दुरून डोंगर साजरे' मधलं. साजरा म्हणजे देखणा, शोभणारा. दिवस साजरा करायचा म्हणजे त्याला नटवायचं. जयंतीला ते शोभतं, पुण्यतिथीला नाही. पुण्यतिथी 'पाळतात', किंवा ती नुसती 'असते'. आजोबांचं बरोबर आहे. तुमच्या वाक्यात 'व'ने घोळ घातला. एका 'व'ने दोन्ही दिवस एकाच क्रियापदाच्या दावणीला बांधले, आणि वर 'उत्साहात'!

आमच्याकडे अशी बातमी आली की मी 'साजरी' खोडून 'अभिवादन' करायचो. 'टिळक यांना पुण्यतिथीनिमित्त व अण्णा भाऊ साठे यांना जयंतीनिमित्त अभिवादन.' अभिवादन दोन्हीकडे चालतं. 'हार्दिक शुभेच्छा' मात्र पुण्यतिथीला देऊ नका. हल्ली मोबाइलवर त्याही येतात, फुलांच्या चित्रासकट.

जाता जाता: 'स्मृतिदिन' मधला 'ति' ऱ्हस्व, कारण तो समासातलं पहिलं पद आहे. 'पुण्यतिथी' मधला 'थी' शेवटी असल्याने दीर्घ. फळ्यावर 'स्मृतीदिन' दिसला तर आजोबा पुन्हा येतील.

मोडीवाचक

तिथी म्हणजे चंद्राच्या गतीवरून ठरलेला दिवस. पंधरवडा, शुद्ध की वद्य, आणि मग प्रतिपदेपासून मोजणी. तारीख हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचंच अनेकवचन 'तवारीख', म्हणजे इतिहास. दिनविशेष लिहिणारा रोज तारीख टाकतो तेव्हा तो शब्दशः इतिहासच मांडत असतो, हे मला फार आवडतं.

आपल्या लोकांना दोन-तीन कालगणना एकदम वापरायची जुनी सवय आहे. पेशवे दफ्तरातला कागद उघडा. एका पत्रावर 'मिती' घालून मराठी महिना नि तिथी येते, दुसऱ्यावर 'छ' घालून मुसलमानी महिन्याची तारीख, रमजान, सफर, जमादिलावल. लिहिणारा कारकून त्याच वाड्यातला. पुढे इंग्रज आले आणि जानेवारी-फेब्रुवारी तिसरी म्हणून येऊन बसली. मग 'तिथी' शब्द तेवढा सोवळ्यात ठेवायचा आग्रह का? 'पुण्यतिथी' आता एकसंध शब्द आहे, त्यातली तिथी कोणी सुटी काढून मोजत नाही. माझ्या मते चूक नाही.

तारखेवरून तिथी वेगळी पडते याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण शिवजयंतीचं. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. त्याची तारीख १९ फेब्रुवारी १६३०, आणि शासकीय शिवजयंती त्याच दिवशी असते. तिथीने करणारे फाल्गुनाची वाट पाहतात. यात एक मेख आहे, ती भांडणाऱ्या दोन्ही बाजू विसरतात. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. आज भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या पद्धतीने मोजलं तर तो दिवस १ मार्च १६३० येतो. तारीखसुद्धा वाटते तितकी ठाम नसते.

सातारकर

मोडीवाचकांशी सहमत. पण 'जयंती' वर कोणीच बोलत नाही. आमच्या गटावर दरवर्षी चैत्र पौर्णिमेला तोच निरोप फिरतो: 'हनुमान जयंती म्हणू नका, जयंती फक्त गेलेल्यांची असते, मारुती चिरंजीव आहे, म्हणून जन्मोत्सव म्हणा.' खरं का हे?

मोडीवाचक

सातारकर, तो निरोप खुशाल पुसून टाका. धर्मशास्त्रात 'जयंती' हे कृष्णाष्टमीच्या एका योगाचं नाव आहे, अष्टमीला रोहिणी नक्षत्र आलं की तो जयंती योग. 'जय'शी नातं, मरणाशी नाही. पुढे नृसिंह, परशुराम, दत्त अशा देवादिकांच्या जन्मदिवसांना तो शब्द लागला आणि तिथून थोरामोठ्या माणसांना. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला गीता जयंती असते. गीता कधी वारली?

चष्मिष्ट

मूळ अर्थ तोच, मान्य. पण आजचा वापरही पाहा ना. हयात माणसाचा वाढदिवस, जन्मदिन किंवा अभीष्टचिंतन. त्याच्या घरी 'जयंतीच्या शुभेच्छा' असं लिहून पाठवून बघा, काय ऐकून घ्यावं लागतं ते. माणसांपुरता तो संकेत पक्का बसलाय. देवांना तो लागू करायचा अट्टहास मात्र नवाच आहे.

पैठणकर

एका दिवशी दोन घटना आल्या म्हणून बाई अडल्या. आमच्याकडे पाच आहेत!

फाल्गुन वद्य षष्ठी, नाथषष्ठी. परंपरा अशी सांगते की जनार्दनस्वामींचा जन्म षष्ठीचा, त्यांना दत्तदर्शन झालं षष्ठीला, एकनाथांना त्यांचा अनुग्रह मिळाला षष्ठीला, स्वामींचं निर्वाण षष्ठीला आणि शके १५२१ मध्ये नाथांनी गोदावरीत देह ठेवला तोही षष्ठीलाच. म्हणून ती पंचपर्वा षष्ठी. जन्म, भेट, मृत्यू सगळं एका तिथीत. पैठणला कोणी विचारत नाही की ही जयंती का पुण्यतिथी. लोक म्हणतात 'षष्ठीला चाललो'. दिंड्या येतात, शेवटी काल्याची दहीहंडी फुटते. क्रियापद? षष्ठी 'भरते'. जत्रेसारखी.

तसंच देहूची बीज, सज्जनगडची दासनवमी. बीज म्हणजे द्वितीया, भाऊबीजेतली तीच. मराठी माणसाने तुकोबांच्या दिवसाला निराळं नावच दिलं नाही, तिथीचं नाव तेच दिवसाचं नाव. आणि गंमत बघा, फाल्गुन वद्यात दुसरा दिवस तुकोबांचा, तिसरा शिवरायांच्या जन्माचा, सहावा नाथांचा. एकाच आठवड्यात.

नागपूरकर

पैठणकरांनी पाच आणले, आमच्याकडे तीन. वैशाख पौर्णिमा: बुद्धांचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण, तिन्ही त्याच दिवशी मानतात.

पाटीपेन्सिल, तुम्ही डिसेंबरात फळा लिहाल म्हणून आत्ताच सांगते. ६ डिसेंबरला 'डॉ. आंबेडकर पुण्यतिथी' लिहू नका. महापरिनिर्वाण दिन लिहा. 'पुण्यतिथी' शब्दाला श्राद्धाचा, तर्पणाचा वास आहे, आणि बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान सोडायला सांगितलंय. तिथे शब्द बदलला की अर्थच बदलतो.

आणि तारीख-तिथीचा वाद आम्ही कधीच मिटवलाय. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, त्या दिवशी विजयादशमी होती, अशोक विजयादशमी. आता लोक दसऱ्यालाही येतात आणि १४ ऑक्टोबरलाही. माझी आई दोन्ही वेळा पांढरी साडी नेसून निघायची. कुठला दिवस खरा असं आम्ही कधी विचारलं नाही. आमचा प्रश्न एवढाच असायचा की डबा किती जणांचा.

चष्मिष्ट

नागपूरकर, तुमच्या १४ तारखेवरून दुसरी १४ आठवली. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, आणि १९४४ च्या त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीवर स्फोट झाला. त्यात मेलेल्या जवानांसाठी तो अग्निशमन सेवा दिन. दिनविशेषाच्या चौकटीत दोन्ही एकाखाली एक येत. जागा कमी पडली की उपसंपादक दोन्ही एकाच वाक्यात कोंबायला सांगे, आणि मी दर वेळी मध्ये पूर्णविराम टाकत असे. बाई, तुमच्यासाठीही तोच उपाय. 'व' काढा, पूर्णविराम द्या.

सातारकर

एक शंका राहिली. 'कितवी' लिहायची? आमच्याकडे बॅनरवर जयंतीचा आकडा पुण्यतिथीपेक्षा एकाने जास्त होता. साल तर एकच, १९२०.

चष्मिष्ट

मग बॅनरवाला चुकला. त्याने जन्माचा दिवसच पहिली जयंती धरला असणार. घरात माणूस गेल्यावर 'प्रथम पुण्यस्मरण' वर्षाने छापतात ना? तसंच इथे. चालू सालातून १९२० वजा करा, दोघांचा आकडा तोच येईल. २०२० साली टिळकांची स्मृतिशताब्दी आणि अण्णा भाऊंची जन्मशताब्दी एकाच सकाळी होती.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. काल शाळा सुटल्यावर एका मुलीला पुढच्या वर्षीचा मजकूर वहीत उतरवून ठेवायला सांगितला. मी सांगत गेले, ती लिहीत गेली:

'१ ऑगस्ट. लोकमान्य टिळक यांची पुण्यतिथी. अण्णा भाऊ साठे यांची जयंती. दोघांना अभिवादन.'

तिने वहीतून मान वर केली. "बाई, आधी जन्म लिहायचा ना, मग मरण?"

आता क्रमाचं काय करू, तेही सांगा.