‘डेथ मॅग्नेटिक’ची सीडी फाटल्यासारखी का वाजते? आणि आपल्या अल्बममध्ये ते कसं टाळायचं?

सहावी_तार:
मेटालिका बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम (२००८) हेडफोनवर सलग ऐकवत नाही. रिफ जबरदस्त आहेत, पण तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत कान शिणतात. स्नेअरचा (ड्रममधल्या खणखणीत तालवाद्याचा) टोला बसायच्या ऐवजी चरचरतो. आवाज कमी केला तरी चरचर तशीच राहते. हा दोष मिक्सिंगचा (वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याचा) की मास्टरिंगचा (तयार मिक्सवरच्या अखेरच्या कामाचा)? फाइल बघून ओळखता येतं का? आमच्या बँडच्या अल्बमचं मिक्सिंग सुरू होतंय आणि सगळ्यांना ‘बाकीच्यांइतका मोठा’ आवाज हवाय. इंजिनिअरला नेमकं काय सांगायचं?

मिक्सखोली:
दोष मिक्सिंगचा. अल्बम आला तेव्हा लोक आधी मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनवर तुटून पडले होते, पण मिक्स आपल्याकडे आले तेव्हाच पिळलेले (मोठ्या आवाजासाठी टोकं दाबलेले) होते, असं त्याने स्पष्ट केलं. निर्माता रिक रुबिन, मिक्सिंग ग्रेग फिडेलमनचं.

पुरावा ‘गिटार हीरो’ या गेममधून मिळाला. गेमला गिटार, बेस, ड्रम असे वेगवेगळे ट्रॅक लागतात. ते दिले गेले तेव्हा त्यांच्यावर अखेरचं दाबकाम झालेलं नव्हतं. चाहत्यांनी तो आवाज काढून सीडीशेजारी ठेवला आणि फरक उघड झाला. तीच गाणी, तेच वादन, पण गेममध्ये स्नेअर श्वास घेतोय. डीआर मीटरवर (आवाजाची टोकं आणि सरासरी पातळी यांतलं अंतर मोजणाऱ्या साधनावर) सीडीचा आकडा ३ च्या आसपास येतो. दणकट रॉकमध्येही ८-१० असेल तर ड्रम मोकळे वाटतात.

आवाज कमी करून फायदा का होत नाही? स्नेअरच्या टोल्याचं टोक जेमतेम काही मिलिसेकंदांचं असतं. ते छाटलं की लाट चौकोनी होते आणि मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर तयार होतात. तीच तुमची चरचर. ती फाइलमध्येच लिहिली गेलीय, व्हॉल्यूमच्या बटणाने पुसली जाणार नाही. डीक्लिपर प्लगइन कापलेलं टोक अंदाजाने भरतो. एखाद-दुसऱ्या ठिकाणी तो उपयोगी पडतो, पण सव्वा तास चाललेल्या छाटणीपुढे त्याचा इलाज नाही.

लाटमोजणी:
ओळखायची रीत अशी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा आणि एखाद्या मोठ्या स्नेअरवर इतकं झूम करा की सुटे सँपल (लाटेचे मोजलेले बिंदू) दिसतील. टोक गोल किंवा अणकुचीदार असेल तर ठीक. सलग अनेक सँपल एकाच उंचीवर सपाट दिसले, तर छाटलंय. क्लिपिंग दाखवणाऱ्या लाल रेघांवर मात्र विसंबू नका. त्या लाट ० डीबीला टेकली तरच उमटतात. मिक्समध्ये छाटून नंतर पातळी अर्ध्या डीबीने उतरवली, तर लाल काहीच दिसत नाही आणि सपाट माथे तसेच असतात. सपाटी ० च्या खाली दिसली तर छाटणी आधीच्या टप्प्यावर झालीय, असं समजायला हरकत नाही.

दोन आवृत्त्यांची तुलना करताना दोन्हींवर लाउडनेस नॉर्मलायझेशन इफेक्ट −२३ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) लावा, मगच ऐका. हे केलं नाही तर कान दर वेळी मोठ्या आवाजालाच कौल देतात.

सहावी_तार:
मग विनाइल घ्यावी का? तिथे डीआरचे आकडे बरेच चांगले दिसतात.

लाटमोजणी:
त्या आकड्यांवर जाऊ नका. पिन आणि प्रीअँपमधून जाताना लाटेचे फेज सरकतात, सपाट माथे तिरके होतात आणि मीटरला नवी टोकं सापडतात. डिजिटल मास्टर तोच असला तरी रेकॉर्डचा डीआर जास्त येतो. कापलेलं परत आलेलं नसतं.

मिक्सखोली:
आता तुमच्या अल्बमबद्दल. मास्टरिंगला जाणारी फाइल २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट, सेशनच्याच सँपल रेटवर, सर्वात उंच टोक −६ ते −३ डीबी, मास्टर बसवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेवर) लिमिटर (टोकं ठरावीक मर्यादेवर अडवणारं साधन) नाही. बस कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन) आवाजाचा भाग असेल तर राहू द्या, पण २:१ रेशो, ३० मिलिसेकंदांच्या आसपास अटॅक आणि १-२ डीबीपेक्षा जास्त दाब नको.

खरी मेख गिटारमध्ये असते. डिस्टॉर्शन हेच मुळात कॉम्प्रेशन. त्यावर आणखी कॉम्प्रेसर लावून चार-सहा थर रचले की ड्रमला जागाच उरत नाही, आणि मग ड्रम वर काढायला सगळं मिक्स लिमिटरमध्ये ढकललं जातं. डावी-उजवी मिळून दोन टेक घ्या, अँपचा गेन एरवीपेक्षा थोडा कमी ठेवा, ८०-१०० हर्ट्‌झखालचं कापा. किक आणि बेसपैकी ६० हर्ट्‌झ कोणाचं आणि १०० कोणाचं, हे ठरवा. दोघांची टोकं एकाच क्षणी साठली की सगळा हेडरूम (टोकांसाठी वर उरलेली जागा) तिथेच संपतो. टोकं उतरवायचीच असतील तर ड्रम बसवर १-२ डीबी आणि मास्टरिंगमध्ये २-३ डीबी, अशी वाटून उतरवा. एका ठिकाणी ८ डीबी दाबले की फाटणारच.

फेडरवाली:
‘बाकीच्यांइतका मोठा’ हा हट्ट २००८ साली तरी समजण्यासारखा होता, आता तो निव्वळ नुकसानीचा आहे. स्पॉटिफाय सर्वसाधारण सेटिंगवर गाणी −१४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं. −६ ला पिळलेलं गाणं तिथे ८ डीबी खाली येतं आणि −१० वर मोकळं ठेवलेल्या गाण्याशेजारी पिचकलेलं वाटतं. दाट रॉकसाठी −९ ते −११ पुरेसं आहे. ट्रू पीक (लाटेचं खरं सर्वोच्च टोक) −१ डीबी सांगतात, पण −१४ पेक्षा मोठ्या मास्टरला स्पॉटिफायची शिफारस −२ ची आहे, कारण एमपीथ्रीसारख्या रूपांतरात टोकं पुन्हा वर उसळतात.

तक्रारींमुळे विक्री अडली नाही, हेही खरं. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे ४ लाख ९० हजार प्रती खपून अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला. आधीच्या ‘सेंट अँगर’ अल्बमनंतर बँड पुन्हा आपल्या मूळ बाजात परतला, याचा आनंद समीक्षकांनाही होता. त्याच वेळी नव्याने मिक्स करा म्हणून हजारो चाहते ऑनलाइन अर्जावर सह्या करत होते. गाणी आवडली म्हणूनच लोक चिडले होते.

इंजिनिअरकडून एक गोष्ट मात्र लेखी ठरवून घ्या. बँडला ऐकायला लिमिटर लावलेली फाइल दिली, तर सोबत त्याच पातळीवर उतरवलेली लिमिटरविना प्रतही द्यायची. महिनाभर पिळलेलं रफ मिक्स कानात बसलं की नंतर चांगलं मिक्स मिळमिळीत वाटतं आणि ड्रमरच ‘अजून वाढवा’ म्हणायला लागतो.

मिक्सखोली:
फेडरवालीशी पूर्ण सहमत. शिवाय ड्रम, बेस, गिटार, गायन यांचे स्टेम (प्रत्येक गटाची स्वतंत्र फाइल) वेगळे काढून घ्या, सगळे ०:०० पासून सुरू होणारे आणि सारख्या लांबीचे, मास्टर बस बायपास करून. उद्या मास्टर बिघडलं असं वाटलं, तर नव्याने मिक्स करायला तेच लागतील.